प्रतिकूल बाजू आली तर: आदल्या रात्रीची तयारी

वादविवाद स्पर्धेचा विषय धरा, 'कापसाची एकाधिकार खरेदी (सगळा कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घेणं) पुन्हा सुरू करावी', आणि चिठ्ठीत प्रतिकूल बाजू निघाली. वही, पेन, घड्याळ सांगायला नको.

आधी समोरच्याचं भाषण तुम्हीच लिहा: खेडा खरेदीत व्यापारी भाव पाडतो, काटा मारतो. मग बचाव, म्हणजे त्याचा मुद्दा खोडणारं उत्तर. बाजार हमीभावाखाली गेला की सीसीआय (केंद्राचं कापूस महामंडळ) खरेदीला उतरते, म्हणजे आधारच नाही हे खोटं. तो म्हणेल, १२ टक्क्यांवर ओलावा गेला की सीसीआय कापूस परत पाठवते. त्याचं उत्तरही लिहून ठेवा: नवी यंत्रणा ओलावा मोजणारच. दुसरा बचाव, ज्याला आज पैसा हवा तो चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे मागाहून मिळण्याची, वाट पाहत नाही, रोख देणाऱ्याच्या काट्यावर जातो. बहुतेक पोरं इथे वही मिटतात. मिटू नका!

बचावाने समोरच्याचा फायदा लहान होतो, बहुधा संपत नाही. पार शून्यावर आणलात तर 'आहे ते चालू द्या' असा कौल मिळतो, पण शून्य क्वचितच होतो. शेवटी तो विचारेल, 'शंभरातल्या दहांचं भलं झालं तर तोटा काय?' तुमच्याजवळ तोटा नसेल तर परीक्षक ते दहा धरतो. मागच्या खेपेला आमचं हेच राहिलं. म्हणून प्रत्येक बचावाखाली लिहा: योजना आली तर बिघडतं काय? १९७२ साली सुरू झालेल्या योजनेत चुकारे रखडले, कापूस घेणारा राज्याचा पणन महासंघ तोट्यात गेला, बाहेर भाव चढला की कापूस चोरून राज्याबाहेर जायचा. तोटा लिहा. दुसऱ्या वक्त्याच्या कागदावरही तोटा लिहा.

मात्र तोटा बचावाशी भांडतो का ते तपासा. एक म्हणतो, 'सरकारजवळ पैसा नाही, योजना सुरूच होणार नाही'. दुसरा म्हणतो, 'योजनेने तिजोरी रिकामी होईल'. समोरचा पहिलं कबूल करेल आणि तुमचा तोटा तिथेच मेला. दोन्हीतलं काय ठेवायचं ते रात्रीच ठरवा, एसटीत नाही.

आकड्यापुढे साल आणि कुठून घेतला ते. प्रश्नोत्तरात उगाच अडू नका. समारोपात नवा मुद्दा नाही. घंटेआधीचं अर्धं मिनिट राखा, त्यात तोटाच बोला.