दार बसेना तेव्हा: जुना पिकअप उभा करताना

पिकअप घरी आणला त्याच संध्याकाळी मी त्याचे दोन्ही मडगार्ड, बॉनेट आणि पुढची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. केवढं काम झालं असं वाटलं. खोलताना हात भराभर चालतो, आणि नवखा माणूस फसतो तो तिथेच. तीन महिन्यांत केबिन चासीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, उतरली, इंजिन स्टँडवर गेलं, मागचा हौदा ताडपत्रीखाली गेला. ढकलली तर हलणारी एक गाडी शेकडो तुकड्यांत वाटली गेली. पुढचं दीड वर्ष मी जवळजवळ काहीच केलं नाही. हुरूप गेला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

आता तसं म्हणत नाही. कामाचा क्रम चुकला होता. चारही बाजूंनी उघडं पडलेलं काम कुठूनही हातात घेतलं तरी काही पुरं होताना दिसत नाही, आणि तसं दिसेनासं झालं की कितीही हौशी माणूस असो, तो गॅरेजकडे पाठ फिरवतो. म्हणून नव्याने या कामात पडणाऱ्याला माझं पहिलं सांगणं एकच: गाडी हलती ठेवा. रंग, सीट, चकचकीत बंपर सगळं नंतर. आधी ब्रेक, पेट्रोलची वाट, इग्निशन आणि वायरिंग एवढंच हातात घ्या. गाडी स्वतःच्या बळावर दहा मीटर पुढे गेली आणि थांबवल्यावर थांबली, की मग एकेक भाग खोला, नीट करा, परत बसवा. एक भाग बसल्याशिवाय दुसऱ्याला पाना लावू नका. चासीच आतून सडलेली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सगळं उतरवावंच लागतं. पण ते हातोडीने ठोकून, सळईने टोचून आधी पाहता येतं.

गाडी निवडतानाही हाच विचार करावा. फोर्डची एफ मालिका 1948 सालची, शेवरलेची अ‍ॅडव्हान्स डिझाइन 1947ची, दोन्ही अमेरिकन पिकअपच्या मालिका. या दोन्हींचे पत्र्याचे तुकडे, रबरं, ब्रेकचे भाग आजही नव्याने बनतात. एखादा दुर्मिळ नमुना दिसायला लाख देखणा असेल, पण एका काचेच्या रबरासाठी वर्षभर थांबायची तयारी नसेल तर पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझं इंजिन जाम होतं. अशा वेळी स्टार्टर मारायचा मोह आवरायचा. स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल ओतलं आणि रोज क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून थोडा पुढे, थोडा मागे असा दाब देत राहिलो. अकराव्या दिवशी केसभर हललं. मग कम्प्रेशन तपासलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊणपट किंवा वर असेल, तर इंजिन उघडायची घाई करू नये. माझे आकडे कमी होते, पण सगळे जवळजवळ सारखे होते, म्हणून तसंच चालवलं. त्या एका निर्णयाने माझे निदान सहा महिने वाचले.

ब्रेकबद्दल मात्र तडजोड नाही. त्या काळच्या पिकअपला मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा) एकच आणि त्यातला मार्गही एकच, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन मार्गांचा सिलिंडर बसवून घ्या. आणि जुन्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानेच पुसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो घासतानाही साधा रुमाल चालत नाही, चांगला मास्क लागतो.

आता दाराची गोष्ट, कारण खरा तडाखा मला तिथेच बसला. दाराच्या खाली जो लांब पत्रा असतो, उंबऱ्यासारखा, त्याला रॉकर पॅनेल म्हणतात. माझा दोन्ही बाजूंनी गंजून पापुद्रे सुटलेला. डाव्या बाजूचा ग्राइंडरने कापला, नवा वेल्ड केला, वेल्डिंग घासून सपाट केलं. देखणं काम झालं होतं. मग दार टांगलं. वर तीन मिलिमीटर फट, खाली अकरा, आणि कुलूप तर खाचेत यायलाच तयार नाही. बिजागऱ्या सैल करून पाहिल्या, दार उचलून पाहिलं, शेवटी खांद्याने रेटलं. मग दिवा बंद केला आणि दोन महिने गॅरेजचं शटर उघडलं नाही.

झालं होतं असं: हा उंबरा पुढचा खांब आणि मागचा खांब एकमेकांपासून ठरल्या अंतरावर धरून ठेवतो. तो काढला की केबिन स्वतःच्या वजनाने किंचित मिटते. डोळ्यांना काही कळत नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी चौकोनी नळ्या आडव्यातिडव्या वेल्ड करून चौकट बांधून घ्यायची असते. हे मला वाचून माहीत होतं. सहा इंचाचाच तर तुकडा आहे म्हणत सुरुवात केली आणि कापत कापत पुढे गेलो, एवढीच माझी कबुली.

परत आलो तो काही मोठा निश्चय करून नव्हे. जॅक हवा होता म्हणून शटर उघडलं. समोर डॅशबोर्डच्या कप्प्याचं कुलूप पडलं होतं, ते हातात घेतलं, खोललं, रॉकेलमध्ये धुतलं, स्प्रिंग बदलली. तासाभरात किल्ली फिरली. त्या खुशीत टेप काढला आणि दोन्ही दारांच्या चौकटींचे कर्ण मोजले. डावा उजव्यापेक्षा आठ मिलिमीटर कमी. इतके दिवस माझ्या डोक्यात ‘गाडी वाया घालवली’ असं होतं, त्या जागी आता ‘आठ मिलिमीटर’ आलं. आठ मिलिमीटरचं काहीतरी करता येतं. वेल्ड कापला, चौकटीत स्क्रू जॅक लावून हळूहळू फाकवलं, नळ्या बांधल्या, नवा पत्रा फक्त वेल्डच्या छोट्या टाक्यांवर धरला, दार लावून बंद करून पाहिलं आणि मगच पुरं वेल्डिंग केलं. तेही एका दमात नाही. बोटाच्या पेराएवढं इथे, मग तिकडच्या टोकाला, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटांसारखा होतो. दोन रविवारांचं काम निघालं. त्याच्यासाठी मी दोन महिने तोंड लपवून बसलो होतो.

तेव्हापासून काही बिघडलं की मी पहिल्यांदा मोजतो. व्होल्ट, मिलिमीटर, दाब, काय असेल ते.

वायरिंगच्या वेळी हे कामी आलं. चासीला जाडजूड रंग दिला, वायरिंग सगळं नवं, आणि डावा इंडिकेटर दिला की मागचे दोन्ही दिवे मिणमिणायचे. चार संध्याकाळी मी नव्या वायरींवर संशय घेत बसलो. दोष रंगाचा होता. या गाड्यांत करंट परत जातो तो गाडीच्या लोखंडातून, आणि मी प्रत्येक जोडावर रंगाचा थर चढवून ती वाट बंद केली होती. दिवा चालू ठेवून दिव्याच्या बाहेरच्या धातूपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडलेल्या टोकापर्यंत, व्होल्टमीटर लावा. 0.2 व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग कच्चं. जोडाजवळचा रंग नाण्याएवढा खरवडा, दातेरी वॉशर घाला, इंजिनपासून चासीला आणि चासीपासून केबिनला वेगळी जाड वायर द्या. 6 व्होल्टच्या काही गाड्यांत अर्थ पॉझिटिव्ह टोकाला असतं, तेव्हा बॅटरी जोडण्याआधी खात्री करा.

तुटलेल्या बोल्टांवर तर वेगळं पुराण लिहावं लागेल. थोडक्यात: आधी तेल, मग उष्णता, मग परत तेल, आणि पाना उलट-सुलट थोडाथोडा. तरीही तुटला तर खुंटावर नट ठेवून वेल्ड करा, त्या उष्णतेनेच अर्धा सुटतो. तुटका बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार जपून वापरा. ते आतच मोडलं तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. माझं मोडलंय. आणि रात्री उशिरा, दमलेल्या हातांनी कुठल्याही बोल्टवर जोर लावू नये. माझे तुटलेले बहुतेक बोल्ट ‘हा एवढा शेवटचा काढतो आणि जातो’ यातले आहेत.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो मी दुसऱ्याकडून करून घेतला. सगळं स्वतःच करायचं ही ईर्षा माझ्यात होती, ती दाराने काढून घेतली. लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायची पुटी, तेवढी माझ्या हाताने भरली आणि तीन मिलिमीटरच्या वर जाऊ दिली नाही. त्याहून जास्त लागत असेल तर पत्राच अजून नीट झालेला नाही.

सुट्या नट-बोल्टांच्या पिशव्यांवर नावापेक्षा जागा लिहा: ‘डावं दार, वरची बिजागरी, खांबाकडचे तीन’. आठवडाभरात हे डोक्यातून जातं. खोलण्याआधी फोटो काढा, पण शेजारी हात किंवा पाना ठेवून, म्हणजे बाजू आणि माप कळतं. भिंतीवर राहिलेल्या कामांची यादी लावू नका. मी लावली होती, ती वाढतच गेली. आता एक वही आहे, तिच्यात फक्त झालेलं लिहितो, ‘आज काही सुटलं नाही’ हेसुद्धा. लोकांच्या तयार झालेल्या गाड्यांचे फोटो पाहणं मी मधला बराच काळ बंद ठेवलं होतं. त्यात त्यांचं न बसलेलं दार कधी दिसत नाही.

एक सवय मात्र फार उशिरा लागली. उठताना काम अडलेल्या जागी सोडायचं नाही. अडलं असेल तर बाजूचं काहीतरी सोपं अर्धवट करून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी विचार न करता हात लागतो.

गाडी आता चालते. डावं दार किंचित उचलून लावावं लागतं. हौद्याच्या लाकडी फळ्या राहिल्यात. पहिलीला भोकं पाडून झाली, तिचे बोल्ट डबीत काढून ठेवलेत आणि तेरा नंबरचा पाना फळीवरच आहे.