डिझेल गाडीच्या नव्या नियमावर हरकत कशी घ्यायची (एक-दोन गाड्यांच्या मालकांसाठी)

आमच्या ट्रकच्या अड्ड्यावरची पद्धत ठरलेली आहे. कुठलाही नवा नियम निघाला की त्याची पीडीएफ ग्रुपवर येते, चाळीस जण ती पुढे ढकलतात, खाली रागाच्या स्मायल्या पडतात, मग कुणीतरी म्हणतं चक्का जाम करू, आणि संध्याकाळपर्यंत ज्याचा त्याचा लोड भरून ज्याची त्याची गाडी निघून जाते. त्या पीडीएफचं पहिलं पान मात्र कुणी उघडलेलं नसतं. मसुदा असेल तर हरकत कुठे आणि किती दिवसांत पाठवायची ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

माझ्या दोन गाड्या आहेत, दोन्ही बीएस फोर, दहा टायर (बीएस म्हणजे इंजिनाच्या धुराचं सरकारी मानक, आकडा जितका मोठा तितकं ते कडक). नाशिकहून दिल्लीला कांदा जातो, येताना जे मिळेल ते रिटर्न भाडं. खालचं सगळं मी चुका करत शिकलोय. पहिल्यांदा आम्ही ६० जणांच्या सह्यांचं निवेदन केलं होतं, ‘हा अन्यायकारक नियम त्वरित रद्द करावा’ वगैरे, चार ओळींचं. हार-तुरे, फोटो, पेपरात बातमी, सगळं झालं. नंतर कळलं की हरकतीची मुदत ११ दिवस आधीच संपली होती आणि आम्ही कागद दिला तो भलत्याच ऑफिसात. तिथल्या साहेबांनी घेतला बिचाऱ्यांनी, पण त्यांचा त्या नियमाशी काही संबंधच नव्हता.

म्हणून आधी हे बघा की नियम काढलाय कुणी.

केंद्राचा असेल तर तो रस्ते वाहतूक मंत्रालयाचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे असे नियम करण्याआधी मसुदा राजपत्रात छापावा लागतो आणि हरकतींसाठी बहुतेक वेळा ३० दिवस देतात. १८९७ चा एक जुना कायदा आहे, जनरल क्लॉजेस अॅक्ट, त्याचं कलम २३ सांगतं की मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार करणं सरकारला बंधनकारक आहे. विचार करणं म्हणजे मान्य करणं नव्हे हे आधीच सांगतो, पण मुदतीत आलेला कागद फायलीत लागतो आणि पुढे कोर्टात गेलात तर तोच कागद उपयोगी पडतो. राज्याचा नियम असेल तर मसुदा महाराष्ट्र शासन राजपत्रात येतो, ‘हरकती व सूचना’ हे शब्द शोधा. जे जुन्या गाडीवर पर्यावरण कर भरतात (आपल्याकडे ट्रान्सपोर्ट गाडीला ८ वर्षं झाली की हा कर लागतो, २०१० पासून) त्यांनी हे ध्यानात ठेवा की तो राज्याचा विषय आहे, त्यासाठी दिल्लीला पत्र पाठवून उपयोग नाही.

तिसरा प्रकार दिल्लीचा, आणि आम्हा कांदावाल्यांना सगळ्यात जास्त तोच नडतो. तिथे हवेसाठी वेगळा आयोग आहे, सीएक्यूएम म्हणतात, २०२१ च्या कायद्याने झालेला. तो थेट आदेश काढतो, तिथे मसुदा आणि ३० दिवस ही भानगड नसते. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेरच्या पासिंगच्या बीएस थ्री आणि त्याखालच्या मालगाड्यांना दिल्ली बंद झाली. बीएस फोरला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत मिळाली, म्हणजे यंदा दिवाळीच्या आठवडाभर आधी ती संपते. मध्ये ग्रॅप (हवा फार बिघडली की लागणारे टप्प्याटप्प्याचे निर्बंध) लागला की ते अजून वरून. आता ही सवलत काही आपोआप पडलेली नाही, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मोठ्या संघटना त्याआधी बैठका आणि निवेदनं घेऊन मागे लागलेल्या होत्या. सांगायचं काय, की तारीख हलते. नियम रद्द होताना मी अजून पाहिलेला नाही, तारीख हललेली पाहिलीय.

आणि मुंबईला वाशी मार्केटला जाणाऱ्यांनीही गाफील राहू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने प्रदूषणाच्या प्रकरणात सांगितलं की मुंबईतून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का याचा अभ्यास करा, आणि राज्य सरकारने त्यासाठी ७ जणांची समिती नेमली. समिती असते तेव्हाच म्हणणं मांडायचं असतं, आदेश निघाल्यावर सगळेच जागे होतात.

नियम कुणाचा ते कळलं की आता पत्राचा खरा मजकूर, म्हणजे हिशोब. इथेच आपण मार खातो. ‘छोट्या व्यावसायिकांवर कुऱ्हाड’, ‘आत्महत्येशिवाय पर्याय नाही’ असं लिहिलेली पत्रं रोज ढिगाने येतात, वाचणारा पहिली ओळ बघून बाजूला ठेवतो. त्याऐवजी एका गाडीचा एका महिन्याचा हिशोब लिहा, वहीत असतो तसाच. माझा मी असा लिहिला होता:

नाशिक-दिल्ली जाऊन-येऊन साधारण २,६०० किलोमीटर. लोडला ४ चं अॅव्हरेज धरलं तर ६५० लिटर डिझेल. डिझेल, टोल, ड्रायव्हर-क्लिनर, हमाली, अडत्याचं कमिशन, पोलिस-बिलिस सगळं जाऊन (हे शेवटचं पत्रात ‘किरकोळ’ लिहिलं) एका फेरीला हातात ११,५०० राहतात. महिन्याला ४ फेऱ्या, म्हणजे ४६,०००. यातून टायर, इन्शुरन्स, पासिंग अजून जायचंय. आता बीएस सिक्स घ्यायची तर जुनी गाडी विकून, सोनं मोडून डाउन पेमेंट केल्यावरही २८ लाखाचं कर्ज लागतं. १० टक्क्यांनी ५ वर्षं, हप्ता बसतो ५९,५०० च्या आसपास. म्हणजे गाडी महिनाभर न थांबता पळाली तरी हप्त्यालाच १३,५०० कमी पडतात.

बस्स, एवढंच. हे पाच ओळींचं गणित ६० सह्यांपेक्षा भारी आहे, कारण यात खोडून काढायला काही नाही, फार तर कुणी म्हणेल तुमचं अॅव्हरेज कमी आहे. त्यात बीएस सिक्सचा युरियाही घाला (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण), डिझेलच्या साधारण ४-५ टक्के लागतो, म्हणजे माझ्या फेरीला ३० लिटरच्या आसपास. आणि जीएसटीचा मुद्दा लपवू नका, सप्टेंबर २०२५ मध्ये मालगाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, समोरच्याला ते माहिती असतं. आपणच आधी लिहायचं की ‘कपात धरूनच वरील कर्जाचा आकडा काढला आहे’. समोरच्याच्या हातातला दगड आधीच काढून घ्यायचा.

जुन्या गाडीची पडलेली किंमतही लिहा. मला दलालाने तोंडावर सांगितलं, ‘भाऊ, दिल्ली बंद होणार आता, २ लाख कमी धरा.’ नियम लागू व्हायला अजून अवकाश होता बरं का, नुसत्या बातमीने भाव पडला. ज्यांच्या गाड्या २० वर्षांच्या वर गेल्यात त्यांनी फिटनेसची फी पण हिशोबात धरा, नोव्हेंबर २०२५ पासून ट्रकला २५,००० आहे.

आता एक कटू गोष्ट. ‘आमची गाडी धूर सोडत नाही, पीयूसी पास आहे’ असं लिहून नियम उडवायला जाऊ नका, तिथे आपण उघडे पडतो. पीयूसीवाला काय करतो, सायलेन्सरमध्ये नळी घालतो, ड्रायव्हरला अॅक्सिलेटर दाबायला सांगतो आणि मशीन धुराचा काळेपणा मोजतं. स्लिपवर के व्हॅल्यू येते, बीएस फोरला १.६२ च्या आत पाहिजे. पण नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत, ते डोळ्याला दिसतही नाहीत. जड डिझेल इंजिनाला बीएस फोरमध्ये त्याची मर्यादा ३.५ ग्रॅम होती, बीएस सिक्समध्ये ०.४, दर किलोवॅट-तासाला. म्हणजे जवळपास नवव्या हिश्श्यावर आणली. हा फरक समोरच्या इंजिनिअरला पाठ असतो. आणि खरं सांगू का, दिल्लीत डिसेंबरात रात्रभर गाडीत झोपलेला माणूस हवेबद्दल वाद घालत नाही, माझ्या ड्रायव्हरचा खोकला घरी आल्यावर आठवडाभर जात नाही. मागच्या तीन पीयूसीच्या स्लिपा जोडा जरूर, पण ‘गाडी आम्ही नीट राखतो’ एवढंच दाखवायला.

याच कारणाने, ज्यांनी बीएस सिक्स घेऊन युरियाचा सेन्सर बायपास करून टाकलाय त्यांना कृपया पत्रावर सही करायला लावू नका. एक असा सापडला की अख्ख्या गटाचं म्हणणं कचऱ्यात जातं.

मग मागायचं काय? ‘रद्द करा’ सोडून काहीही, असं माझं मत. अधिकाऱ्याला मसुद्यात एका ओळीत घालता येईल अशी मागणी करायची. मी केलेल्या दोन: ज्याच्या नावावर ५ पर्यंतच गाड्या आहेत त्याला २ वर्षं जादा मुदत, आणि जुनी गाडी अधिकृत स्क्रॅप सेंटरला दिली तर नव्या गाडीच्या व्याजात सवलत. तिसरी नको. आमच्या एका मित्राने १४ मागण्या लिहिल्या, त्यात ढाब्यावरच्या पार्किंगपासून ई-चलनापर्यंत सगळं होतं. त्याचं पत्र कुणाच्या टेबलाला लागलं हे त्यालाही अजून कळलेलं नाही.

पत्राची सुरुवात साधारण अशी करा, जशीच्या तशी उचललीत तरी चालेल: ‘दिनांक अमुकच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या, क्रमांक तमुक या मसुद्यातील नियम अमुक यावर मी खालीलप्रमाणे हरकत नोंदवत आहे. मी २ मालवाहू गाड्यांचा मालक असून माझा व्यवसाय उद्यम नोंदणीनुसार सूक्ष्म उद्योग आहे. हवा स्वच्छ करण्याच्या उद्देशाला माझा विरोध नाही, माझी हरकत अंमलबजावणीच्या तारखेला आहे.’ मग हिशोब, मग मागणी, सही. दीड पानाच्या वर जाऊ नका. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटीपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटीपर्यंत उलाढाल असलेला धंदा सूक्ष्ममध्ये येतो, म्हणजे आपण जवळपास सगळेच.

दिल्लीला पाठवायचं असेल तर पोराला सांगून हिंदीत किंवा इंग्रजीत करून घ्या, मराठी प्रत सोबत लावा. एकाच पत्रावर ६० सह्या घेण्यापेक्षा ६० जणांनी आपापल्या आकड्यांची ६० पत्रं पाठवली तर जास्त उपयोग. पण आकडे खरोखर आपापले पाहिजेत, एकच मजकूर नाव बदलून पाठवला तर ते एकच हरकत म्हणून मोजून मोकळे होतात.

पत्र गेलं, काहीच उत्तर नाही, हे होणारच. तेव्हा माहितीचा अधिकार. राज्याच्या ऑफिसात १० रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून अर्ज, महाराष्ट्रात १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर पाहिजे. विचारायचं एवढंच की या मसुद्यावर किती हरकती आल्या आणि त्यांच्यावर काय निर्णय झाला त्याच्या टिपणीची प्रत द्या. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर अपील.

आमदार-खासदारांकडे जायचं असेल तर मुदत संपायच्या आत जा आणि हातात तेच दीड पान ठेवा. कोर्टाचं म्हणाल तर एकट्याने जाऊ नका, खर्च झेपत नाही, संघटनेमार्फत जा. दिल्लीच्या त्या हवेच्या आयोगाच्या आदेशावर अपील एनजीटीकडे (राष्ट्रीय हरित लवाद) असतं, राज्याच्या नियमासाठी हायकोर्ट, आणि कोल्हापूर-सांगली-सातारा-सोलापूरकडच्यांना तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच झालंय, मुंबईची वारी वाचली. वकील पहिला प्रश्न विचारेल, तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का, आणि पोच दाखवा.

म्हणून पोच. ईमेल केली तरी स्पीड पोस्टही करा, खर्च काही फार नाही (रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच मिसळलंय). हाताने दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, ‘नंतर या’ म्हटलं तरी उभे राहा. आणि पोस्टाची पावती गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, त्या कागदावरची अक्षरं उन्हाने पंधरा दिवसांत उडतात, माझी पहिली पावती अशीच कोरी झाली. पोस्टाच्या बाहेर पडल्या पडल्या आधी तिची झेरॉक्स काढा, मग चहा प्या.