विद्राव्यतेवरून द्रावणाचे आकारमान कसे काढावे

विद्राव्यता म्हणजे ठरावीक तापमानाला एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळतो ते प्रमाण. आकडेमोड सुरू करण्याआधी विद्राव्यतेच्या तक्त्याचा मथळा वाचा. विद्राव्यता १०० ग्रॅम पाण्यामागे दिली आहे, १०० ग्रॅम द्रावणामागे, की १०० मिलि द्रावणामागे? पाठ्यपुस्तकांत बहुधा पहिला प्रकार असतो, पण गृहीत धरू नका.

उदाहरण घेऊ. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ (सोडियम क्लोराइड) विरघळते. मग ५४ ग्रॅम मिठापासून संपृक्त द्रावण (ज्यात आणखी मीठ विरघळत नाही असे) किती मिलि होईल?

१. पाणी काढा: ५४ × १०० ÷ ३६ = १५० ग्रॅम. पाण्याची घनता जवळपास १ असल्याने हेच १५० मिलि. प्रश्न 'किती पाणी लागेल' एवढाच असेल, तर इथेच थांबा.

२. द्रावणाचे वस्तुमान: १५० + ५४ = २०४ ग्रॅम.

३. वस्तुमानाला द्रावणाच्या घनतेने भागा. संपृक्त मिठाच्या द्रावणाची घनता सुमारे १.२० ग्रॅम प्रति मिलि, म्हणून २०४ ÷ १.२० = १७० मिलि.

उत्तर १५० नाही आणि २०४ही नाही, हे नीट पाहा. ५४ ग्रॅम कोरडे मीठ स्वतः सुमारे २५ मिलि जागा व्यापते (घनता २.१६). सरळ बेरीज केली तर १७५ मिलि यायला हवे. ते १७० भरते, कारण सोडियम आणि क्लोराइडचे आयन भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना घट्ट ओढून धरतात. वस्तुमानांची बेरीज होते, आकारमानांची होईलच असे नाही. म्हणूनच घनता दिलेली नसेल, तर द्रावणाचे नेमके आकारमान निघत नाही.

उलट प्रश्नात जास्त गफलत होते. २०० मिलि संपृक्त द्रावणात मीठ किती? २०० × ३६ ÷ १०० = ७२ ग्रॅम हे उत्तर चूक, कारण ३६ हा आकडा पाण्यामागचा आहे. आधी वस्तुमान काढा: २०० × १.२० = २४० ग्रॅम. द्रावणाच्या दर १३६ ग्रॅममध्ये मीठ ३६ ग्रॅम, म्हणून २४० × ३६ ÷ १३६ = सुमारे ६३.५ ग्रॅम.

तापमानही तपासा. मिठाला त्याचा फारसा फरक पडत नाही, पण पोटॅशियम नायट्रेटची विद्राव्यता २० अंशांना सुमारे ३२ आणि ६० अंशांना ११० ग्रॅम असते. ६४ ग्रॅम विरघळवायला २० अंशांना २०० ग्रॅम पाणी लागेल, ६० अंशांना ५८ ग्रॅम पुरेल. मात्र ते द्रावण थंड झाले की स्फटिक खाली बसू लागतील.