गेम खराखुरा दिसावा म्हणून कोणती सेटिंग आधी बदलायची

ग्राफिक्सच्या मेनूत सगळंच 'अल्ट्रा'वर, म्हणजे सर्वोच्च दर्जावर, ढकलू नका. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) हवे असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ते कुठे खर्चायचे हे आधी ठरवा.

पहिला मान प्रकाशाचा. रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड दाखवण्याचे) पर्याय सुटे दिले असतील तर ग्लोबल इल्युमिनेशन (वस्तूंवर आपटून आजूबाजूला पसरणारा उजेड) आधी चालू करा, रिफ्लेक्शन (प्रतिबिंबं) नंतर. लाल भिंतीशेजारच्या पांढऱ्या खांबावर लालसर झाक उतरली, की दृश्य डोळ्यांना पटतं. साध्या स्क्रीन-स्पेस रिफ्लेक्शनमध्ये कॅमेरा खाली वळवला की पाण्यातली इमारत गायब होते, कारण जे पडद्यावर नाही त्याचं प्रतिबिंब ते काढूच शकत नाही.

अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरके दिसणारे पृष्ठभाग स्पष्ट ठेवणारी सेटिंग) १६ पट ठेवा. भार नगण्य, आणि लांबवर गेलेला रस्ता धूसर होत नाही. टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) मात्र व्हीरॅममध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत, मावतील इतपतच, नाहीतर गेम अडखळतो.

फिल्म ग्रेन (चित्रावरचे बारीक दाणे) आणि कडांना रंगीत झालर लावणारं क्रोमॅटिक अॅबरेशन सरळ बंद करा. ही नक्कल कॅमेऱ्याची, नजरेची नव्हे. अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) 'क्वालिटी'वर असू द्या. 'परफॉर्मन्स'वर केस आणि जाळ्या लुकलुकू शकतात.

एवढं करून निर्जन गल्ली फोटोसारखी दिसेलही. पण पात्र बोलू लागलं की ओठ आणि डोळे चुगली करतात, आणि त्यावर कुठल्याच मेनूत उपाय नाही.