हाताच्या खुणा कॅमेऱ्याला कशा शिकवाव्यात

तळहात दाखवला की स्क्रीनवर ‘थांबा’, मूठ आवळली की ‘पाणी हवं’. एवढं करायला आता कोड लिहावा लागत नाही. कॅमेरा असलेला लॅपटॉप आणि निवांत अर्धा तास पुरतो.

आधी खुणा ठरवा. तीन-चारच घ्या, आणि ज्याला वापरायच्या आहेत त्यालाच विचारून घ्या: हात न दुखता दिवसातून वीस वेळा कोणती खूण जमेल? बोटं सरळ होत नसतील तर दोन बोटांची ‘विजयाची’ खूण बाद. नुसती मूठ आणि अंगठा वर केलेली मूठ अशा जोड्याही टाळा. हात जरा वळला की त्यांची गल्लत होते.

मग ब्राउझरमध्ये गूगलचं ‘टीचेबल मशीन’ उघडा, म्हणजे फोटो दाखवून कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं साधन. मोफत आहे. इमेज प्रोजेक्ट निवडा आणि प्रत्येक खुणेसाठी एक क्लास, म्हणजे फोटोंचा एक गट, करा. रेकॉर्डचं बटण दाबून धरलं की फोटो भराभर जमतात. शंभरेक झाले की बास, पण हात पुतळ्यासारखा धरू नका. जवळ, लांब, थोडा तिरका, कडेला, असा हलवत राहा.

आता बहुतेक जण विसरतात ते: ‘काहीच नाही’ हा आणखी एक क्लास. मॉडेलला, म्हणजे या फोटोंवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, दिलेल्या पर्यायांतला एक निवडावाच लागतो. हा पर्याय नसेल तर तुम्ही नाक खाजवलंत तरी ते ‘पाणी हवं’ म्हणणार. यात रिकामी खुर्ची, मांडीवरचे हात, केस सावरताना, कप उचलताना असे सगळे फोटो भरा. बाकीच्या क्लासपेक्षा इथेच जास्त वेळ घालवा.

ट्रेन केलं, म्हणजे मॉडेलला या फोटोंवरून शिकवलं, की प्रत्येक क्लासपुढे टक्केवारीची पट्टी हलू लागते. लगेच खूश होऊ नका. कपडे बदला, दुसऱ्या खोलीत बसा, दुसऱ्या माणसाला बसवा. माझं पहिलं मॉडेल ‘थांबा’ ओळखायचं ते लाल बाहीवरून, कारण त्या खुणेचे सगळे फोटो मी लाल स्वेटर घालून काढले होते!

मागचं दृश्य सारखं नडत असेल तर ‘मीडियापाइप’ हे गूगलचंच दुसरं साधन बघा. ते आधी हात शोधतं आणि त्यावर 21 बिंदू ठेवतं: मनगटाचा एक, प्रत्येक बोटाचे चार. त्यात मूठ, तळहात, अंगठा वर, अंगठा खाली अशा 7 खुणा तयारच मिळतात. स्वतःच्या वेब-पानात बसवायला मात्र थोडा कोड लागतो. तो कोणाकडून करून घेणार असाल तर दोन गोष्टी सांगा: खूण सेकंदभर स्थिर राहिली तरच शब्द उमटावा, आणि चुकलेला शब्द पुसायला एक वेगळी खूण असावी.

याला सांकेतिक भाषेचा अनुवादक मात्र म्हणू नका. त्या भाषेत भुवया, ओठ, खांदेही व्याकरण सांगतात. अमेरिकन बोटलिपीतली (बोटांनी एकेक अक्षर दाखवायची पद्धत) जे आणि झेड ही अक्षरं हवेत गिरवतात, ती एका फोटोत सापडत नाहीत. भारतीय बोटलिपीत बरीच अक्षरं दोन्ही हातांनी होतात. स्थिर अक्षरांच्या सरावाला मात्र हे उत्तम. बोटं नीट बसली की पट्टी चढते, मुलाला कुणी ‘बरोबर’ म्हणायची वाट बघावी लागत नाही.

टीचेबल मशीनमध्ये प्रोजेक्ट सेव्ह केला नाही, तर काढलेले फोटो तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाहीत. टॅब मात्र चुकून बंद केलात तर सगळं पहिल्यापासून.