पहिला डबा कोणत्या पावडरीचा घ्यावा?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायची असल्यास मात्र तो लागतो, आणि काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. तिथे राहणाऱ्या, नेमबाजीची गोडी लागलेल्या आणि आता रिलोडिंगकडे, म्हणजे झाडलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) पुन्हा दारू आणि गोळी भरण्याकडे, वळू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे लिहिले आहे. पावडर म्हणजे इथे काडतुसात भरायची धूरविरहित दारू. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना काडतुसे तयार करणे गुन्हा आहे, त्यामुळे इथे हा छंद घरी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, सगळ्याला चालेल अशी एकच पावडर कोणती? अशी पावडर नाही. पिस्तुलाची नळी आखूड आणि पुंगळी लहान, म्हणून तिला लवकर जळणारी पावडर लागते. रायफलला त्यामानाने पुष्कळ सावकाश जळणारी लागते, आणि पिस्तुलाची पावडर रायफलच्या मापाने भरली तर दाब इतका चढतो की बंदूक फुटून हात जायची वेळ येते. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू तर यांपैकी कशाच्याच बदली वापरू नये, आणि धूरविरहित पावडरही तिच्या जागी भरू नये. तेव्हा बहुगुणी पावडर शोधायची ती पिस्तुलासाठी एक आणि रायफलसाठी दुसरी.

निवडीची सुरुवात पावडरीपासून न करता काडतुसापासून करावी. आपले काडतूस कोणते आणि त्यात किती ग्रेन (वजनाचे एक छोटे एकक) वजनाची गोळी बसवायची हे ठरले, की पावडर बनवणाऱ्या किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचे चालू लोड-मॅन्युअल, म्हणजे पावडरीच्या मापांचे पुस्तक, उघडावे आणि त्या गोळीसमोर कोणकोणत्या पावडरी दिल्या आहेत ते पाहावे. आपल्याकडच्या दोन-तीन काडतुसांच्या पानांवर जी पावडर पुन्हा पुन्हा दिसते, ती आपल्यापुरती बहुगुणी. दुकानदाराने किंवा रेंजवरच्या अनुभवी मित्राने सांगितलेले माप मॅन्युअलशी जुळत नसेल, तर ते सोडून द्यावे.

यानंतर जो निकष मी सर्वांत महत्त्वाचा मानतो तो आहे पुंगळी किती भरते हा. ३८ स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाची पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, म्हणून चांगली लांब आहे. तिच्यात टाइटग्रुपसारख्या दाट पावडरीचे माप टाकले, तर ते तळाशी जेमतेम दिसते आणि चुकून दोनदा पडले तरी वरून बघणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. युनिकसारखी फुगीर, पापुद्र्यांची पावडर तीच पुंगळी बरीच वरपर्यंत भरते, त्यामुळे ट्रेमधल्या पन्नास पुंगळ्यांवर टॉर्च फिरवला की दुप्पट भरलेली चटकन ओळखू येते. युनिक मापयंत्रातून तितकी एकसारखी पडत नाही, अशी तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. तरीही नवशिक्याने थोडा असमानपणा सोसून सुरक्षितता घ्यावी असे मला वाटते. एचपी-३८ हा मधला मार्ग आहे: ती मापयंत्रातून छान वाहते, आणि विंचेस्टर २३१ नावाने मिळणारी पावडर तीच असल्याने एक संपली तरी दुसरी मिळण्याची शक्यता असते.

रायफलसाठी एच ४८९५ किंवा व्हार्गेट यांपैकी एक घ्यावी. २२३ रेमिंग्टनपासून ३०८ विंचेस्टरपर्यंतच्या रायफल-काडतुसांना दोन्ही चालतात, आणि तापमान बदलले तरी गोळीच्या वेगात फारसा फरक पडत नाही. एच ४८९५ चा आणखी एक गुण असा की, हॉजडन कंपनीनेच तिची कमी केलेली मापे प्रसिद्ध केली आहेत, त्यामुळे हलक्या धक्क्याची काडतुसे हवी असतील तर ती सोयीची पडते. सगळ्याच पावडरी अशा सोशिक नसतात. एच ११० चे माप मनाने घटवणे धोक्याचे आहे, म्हणून पहिल्या डब्यासाठी ती नकोच. नावातल्या आकड्यांकडेही नीट पाहावे: एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी असून एकीचे माप दुसरीला लावू नये. या पावडरींचे दाणे शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखे असतात आणि मापयंत्रात अडकून कटकन तुटतात, म्हणून रायफलचे प्रत्येक माप काट्यावर तोलावे.

पैशांचा हिशेब सोपा आहे. एका पौंडात ७००० ग्रेन असतात. पिस्तुलाच्या काडतुसाला ५ ग्रेन धरले तर १४०० काडतुसे होतात, रायफलला ४५ ग्रेन धरले तर सुमारे १५५. त्यामुळे पिस्तुलाच्या पावडरीत थोडे महाग-स्वस्त पाहण्यात अर्थ नाही. पहिला डबा एक पौंडाचाच घ्यावा आणि मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून थोडे थोडे वर जावे.

कामाच्या टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असावा, आणि काम संपल्यावर मापयंत्रात उरलेली पावडर त्याच डब्यात परत टाकावी. पावडर नेहमी मूळ डब्यात, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. झाकण उघडताच आंबूस, झोंबणारा वास आला किंवा दाण्यांवर तांबूस भुकटी दिसली, तर ती पावडर खराब झाली आहे. ती वापरू नये आणि तिची विल्हेवाट कशी लावायची ते स्थानिक अग्निशमन दलाला विचारावे.