पर्यावरण-ऊर्जा कायद्यासाठी लॉ कॉलेज निवडताय? या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की साक्री-शिंदखेड्याकडचा कुणी ना कुणी बाप पोराला घेऊन माझ्या ऑफिसात येतो. "वकीलसाहेब, मना पोऱ्याले पर्यावरणना वकील करनं शे." हातात कॉलेजचं चकचकीत माहितीपत्रक, मुखपृष्ठावर पवनचक्की.

पहिली चूक ती पवनचक्कीच. बार कौन्सिलच्या नियमानुसार पर्यावरण कायदा एलएलबीला सगळीकडे सक्तीचा आहे. तो शिकवतात यात कॉलेजचं कौतुक ते काय? विचारायचं ते हे: गेल्या वर्षी कोणते ऐच्छिक पेपर खरोखर चालले? यादीत दहा छापायचे आणि मुलं नाहीत म्हणून दोन चालवायचे, हे बऱ्याच ठिकाणी होतं. हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या वादांच्या खास न्यायालयात, काम करणारे वकील निदान पाहुणे म्हणून तरी येतात का, हेही विचारा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. पर्यावरण आणि ऊर्जा हा एकच विषय समजला जातो, पण दारं वेगळी आहेत. २०१०च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय हरित लवादाचं आपल्यासाठीचं खंडपीठ पुण्यात. जल कायदा १९७४, हवा कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ अशा ठरावीक कायद्यांचेच वाद तिथे चालतात. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या राखेची तक्रार तिथे जाईल. वीजदर आणि वीजखरेदी करार मात्र २००३च्या वीज कायद्याखाली मुंबईच्या वीज नियामक आयोगापुढे, अपील दिल्लीत. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन गेली वीज प्रकल्पाला, पण भांडण मोबदल्याचं, म्हणजे भूसंपादन कायद्याचं. नंदुरबारचे वनहक्क दावे आणखी तिसरीकडे. खान्देशात या विषयात वकिली करायची तर हे सगळं लागतं. म्हणून अभ्यासक्रमात वीज आणि जमीन कुठे आहेत ते बघा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवं असेल तर जूनमध्ये जागं होऊन उपयोग नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, तिन्हीकडे पाच वर्षांचा प्रवेश मुख्यतः क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतो, आणि अलीकडे ती परीक्षा डिसेंबरातच उरकते.

इंग्रजीकडे दुर्लक्ष नको. लवादाचं कामकाज इंग्रजीत चालतं. पण सातबारा, फेरफार, पंचनामा मराठीतच येतो, आणि तो वाचता येणारा आपला पोरगा तिथे कामाचा ठरतो.

कॉलेजचं विधी साहाय्य केंद्र मुलांना गावात नेतं का, हे मी सगळ्यात वर ठेवेन. एका गावची मंडळी माझ्याकडे खाणीच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध आली. लवादात अपिलाला ३० दिवस, कारण पटलं तर आणखी ६०. त्यापुढे दार बंद. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात पाच महिने पडून होती, घरपट्टीच्या पावत्यांखाली. तो कागद काय आहे हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. मला तेव्हा एवढंच म्हणता आलं, "आप्पा, उशीर झाला."

प्रवेश भलतीकडे झालाच असेल तर फी बुडवून पळू नका. लवादाचे आदेश संकेतस्थळावर फुकट मिळतात. आठवड्याला एक वाचा, आणि सुट्टीत रात्रीच्या गाडीने पुणं गाठून एखाद्या वकिलाच्या फाइली लावा. माझी सुरुवात झेरॉक्सच्या रांगेतून झाली.